बोटीवरची खोली आणि जाहिरातीतला दर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बोटीची सहल म्हटलं की आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला आधी तापोळा आठवतो. शिवसागराच्या पाण्यात तासभर फिरायचं, काठावर गरम भजी खायची आणि अंधार पडायच्या आत परतायचं. समुद्रावरची बोट ही कोकणातल्या माणसांची गोष्ट, आपली नव्हे, असंच आपण धरून चाललो होतो. अलीकडे मात्र आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, वडिलांची निवृत्ती, नातवाची दहावी अशा निमित्तानं घरात क्रूझचा विषय निघू लागला आहे. मग कुणीतरी एक जाहिरात पुढं करतं. पांढरंशुभ्र जहाज, निळं पाणी आणि खाली ठळक अक्षरात ‘प्रतिव्यक्ती अमुक हजारांपासून’.

या ‘पासून’ शब्दाबद्दल आणि त्याच्या मागं दडलेल्या खोलीबद्दल आज बोलायचं आहे. सहा माणसांच्या घराला या सहलीचा खर्च सहज लाखाच्या पुढं जातो. असा खर्च आपण दरवर्षी करत नाही. आजी-आजोबांना घेऊन तर बहुधा एकदाच. आणि हॉटेल आवडलं नाही तर बॅगा उचलून शेजारच्या हॉटेलात जाता येतं, तशी सोय भर समुद्रात नसते.

आधी थोडं मागचं सांगतो. मुंबईहून गोव्याला बोटीनं जाणं नवीन नाही. भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी सुटायच्या. वाटेत रत्नागिरी, देवगड, मालवण अशी बंदरं घेत त्या पणजीला जायच्या. डेकवर सतरंजी अंथरून केलेला तो प्रवास होता, सहल नव्हती. केवळ मौजेसाठी मुंबई बंदरातून फिरणारं मोठं जहाज आलं ते 2005 च्या सुमारास, स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’. पुढं 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली. 2019 मध्ये ‘कर्णिका’ आली आणि 2020 च्या टाळेबंदीनंतर ती थेट भंगारात गेली. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागलं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळं 2023 च्या जूनमध्ये हेच जहाज चेन्नईला जाऊन तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या करू लागलं.

या जहाजाचं वय मुद्दाम सांगतो, कारण खोली निवडताना त्याचा उपयोग होतो. ते 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलं गेलं. तेव्हाचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. अमेरिकेतल्या मायामीहून तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी करण्यासाठी ते तयार केलं होतं. त्या काळात जहाजाच्या खोलीत फक्त झोपायचं आणि बाकीचा दिवस बाहेर घालवायचा, अशी समजूत होती. म्हणून खोल्या लहान आणि बाल्कनीच्या खोल्या मोजक्या. नंतर बांधलेल्या प्रचंड जहाजांत मात्र निम्म्याहून अधिक खोल्यांना बाल्कनी असते. आता होतं काय, परदेशी जाऊन आलेला भाचा सांगतो, “मामा, घ्यायची तर बाल्कनीच घ्या.” त्याचं त्याच्या जहाजापुरतं बरोबर असतं. जिथं बाल्कन्या भरपूर, तिथं त्यांचा दर साध्या खोलीपेक्षा फार चढा नसतो. जिथं त्या थोड्या, तिथं तीच चैन बरीच महाग पडते. तेव्हा सल्ला ऐकताना तो कोणत्या जहाजावरून आला आहे, हे आधी विचारावं.

खोल्यांचे प्रकार ढोबळमानानं चार. आतली खोली, खिडकीची खोली, बाल्कनीची खोली आणि स्वीट, म्हणजे ऐसपैस दालन. आतली खोली जहाजाच्या पोटात असते, तिला खिडकीच नसते. जाहिरातीतला ‘पासून’ दर हा जवळजवळ नेहमी याच खोलीचा. तिचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर आपल्याकडची दहा बाय बाराची खोली घ्या आणि त्यातच न्हाणीघर बसवा. दिवा मालवला की मिट्ट काळोख. सकाळ झाली हे घड्याळावरूनच कळतं. काहींना त्यात गाढ झोप लागते, काहींचा जीव घुसमटतो. घरात रात्री दिवा लावून झोपणारं कुणी असेल, आजोबांना उठून बाथरूमला जावं लागत असेल, तर बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवायचं. एवढ्यानं बरंच भागतं.

खिडकीच्या खोलीची खिडकी उघडत नाही, हे आपल्याकडं पुष्कळांना माहीत नसतं. जाड काचेतून समुद्र दिसतो, वारा येत नाही. आणि काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. समुद्राऐवजी होडीचं नारंगी बूड बघत बसावं लागतं. अशा खोल्या थोड्या स्वस्त असतात, पण त्या तशा आहेत हे विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही. म्हणून सरळ विचारावं, “खिडकीसमोर काही आडवं येतं का?”

आता डुलण्याविषयी. पहिल्यांदा जाणाऱ्या घरात सगळ्यात मोठी धास्ती हीच. जहाज म्हणजे एक लांबलचक फळी समजा, सी-सॉसारखी. टोकाला बसलेलं पोर सर्वांत जास्त वर-खाली होतं, मधल्या टेकूजवळ बसलेल्याला फारसं जाणवत नाही. तसंच उंचीचं. झाडाचा शेंडा हलतो, बुंधा हलत नाही. म्हणजे ज्यांना एसटीच्या घाटातल्या वळणांवर मळमळतं, त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. गंमत अशी की हीच खोली बहुधा स्वस्त असते. सगळ्यांत वरची आणि अगदी पुढची खोली कागदावर भारी दिसते, दरही भारी, आणि डुलतेही तीच जास्त. मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. त्यामुळं कुशीवर डुलणं बरंच कमी होतं, पण पुढं-मागं होणारा झोका ते थांबवू शकत नाहीत. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्याआधी. एरवी आपल्या साताऱ्याचं आलं आहेच. आलेपाकाच्या चार वड्या खिशात असाव्यात. बाहेरचे खाद्यपदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत, पण वडीवरून कुणी भांडेल असं वाटत नाही.

घरातली वडीलधारी माणसं बोटीचं नाव काढलं की ‘रामदास’ आठवतात. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती ऐन पावसाळ्यातली दुर्घटना होती. भीती बोलून दाखवणाऱ्यांना हसू नये. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक, आपण ऑक्टोबर ते फेब्रुवारी या शांत समुद्राच्या महिन्यांत जातो आहोत. दोन, जहाजावर चढल्यावर प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जाकीट कसं घालायचं आणि संकटात कुठं जमायचं, याची कवायत करावी लागते. ती टाळून कुणी जेवणाच्या रांगेत उभं राहू नये.

मजला ठरला की डेक प्लॅन मागावा. डेक प्लॅन म्हणजे जहाजाचा मजलेवार नकाशा. प्लॉट घेताना आपण नकाशा पाहतो की नाही? तसाच तो पाहायचा. आपल्या खोलीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे बघायचं. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याचा खरखराट ऐकू येतो. खाली नाचगाण्याचा दिवाणखाना असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा आवाज. वर आणि खाली दोन्हीकडं खोल्याच असतील, तर ती खोली शांत. काही दरांत खोलीचा क्रमांक आधी मिळतच नाही. ‘प्रकार नक्की, क्रमांक कंपनी देईल’ अशा अटीवर ती खोली थोडी स्वस्त मिळते. तरुण जोडप्यानं ती जरूर घ्यावी. आजी-आजोबा बरोबर असताना मात्र ती घेऊ नये. त्यांची खोली लिफ्टजवळ हवी, आणि बाथरूमच्या दाराशी असलेला उंबरा किती उंच आहे, हेही विचारावं. गुडघे दुखणाऱ्यांना तो उंबरा रात्री चांगलाच नडतो.

डावी बाजू की उजवी, असंही लोक विचारतात. साहेबाच्या काळात म्हणे मुंबईला येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली श्रीमंत लोक राखून ठेवत, कारण तांबड्या समुद्रात ती सावलीची बाजू. त्यावरूनच इंग्रजीतला ‘पॉश’ हा शब्द आला, अशी कथा सांगतात. कथा झकास आहे, पण तिला कागदोपत्री पुरावा सापडलेला नाही. सावलीचं गणित मात्र खरं. मुंबईहून गोव्याला जहाज दक्षिणेकडं जातं, तेव्हा उजवा हात पश्चिमेला. सूर्यास्त उजव्या बाजूच्या खिडकीतून दिसणार आणि दुपारचं ऊनही तिकडूनच येणार. परतीला उलट. डावीकडून कोकण किनारा दिसेल, या आशेवर कुणी खोली घेऊ नये. जहाज किनाऱ्यापासून बरंच आत चालतं आणि रात्र तर काळोखातच जाते.

आता पैशाकडं येऊ. जाहिरातीतला दर ‘प्रतिव्यक्ती’ असतो, पण तो एका खोलीत दोघं राहणार असं धरलेला असतो. एकटं माणूस गेलं तर त्याला बहुतेक वेळा दोघांच्या जवळपास पैसे पडतात. त्याच खोलीत तिसरं आणि चौथं माणूस, म्हणजे भिंतीतून उघडणाऱ्या, रेल्वेसारख्या वरच्या बर्थवर झोपणारं, कमी दरात येतं. या मूळ भाड्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतो. ‘मुलं मोफत’ असं लिहिलेलं असतं तिथं मोफत असतं ते मूळ भाडं. बंदर शुल्क आणि कर मुलांनाही पडतातच.

एक हिशोब मांडून दाखवतो. आकडे माझे, समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले. आजचे दर म्हणून ते घेऊ नका. समजा सांगलीतल्या विश्रामबागेतलं एक घर आहे. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. दोन रात्रींची सफर. पहिला एजंट म्हणतो, आतली खोली प्रतिव्यक्ती 18,000, तिसऱ्या-चौथ्या माणसाला निम्मे, बाकी सगळं वेगळं. दुसरा म्हणतो, प्रतिव्यक्ती 23,500, सगळं धरून, लहान-मोठे सारखेच. पहिल्याकडं बंदर शुल्क माणशी 3,000, सेवा शुल्क माणशी रात्रीला 500 आणि एकूण रकमेवर 5 टक्के कर धरू.

दोघंच नवरा-बायको गेले तर पहिल्याकडं भाडं 36,000, बंदर शुल्क 6,000, सेवा शुल्क 2,000, मिळून 44,000 आणि कर 2,200. म्हणजे 46,200. दुसऱ्याकडं 47,000. फरक आठशे रुपयांचा. आता सहा जणांचं पाहा. पहिल्याकडं दोन खोल्या, एक आजी-आजोबांची आणि एक चौघांची. चार मोठ्यांचे 72,000, दोन मुलांचे 18,000, बंदर शुल्क 18,000, सेवा शुल्क 6,000. बेरीज 1,14,000, त्यावर कर 5,700, एकूण 1,19,700. दुसऱ्याकडं सहा गुणिले 23,500, म्हणजे 1,41,000. एकवीस हजार तीनशेंचा फरक! दोघांसाठी सारखे असलेले दर सहा जणांच्या घराला सारखे राहिले नाहीत. शेजाऱ्यांना कुठं स्वस्त पडलं, यावर म्हणूनच जाऊ नये. आपल्या घरची माणसं, त्यांची वयं आणि खोल्यांची विभागणी कागदावर लिहून द्यायची आणि शेवटची एकूण रक्कम लेखी मागायची. तुलना करायची ती त्या शेवटच्या आकड्याची. तीही जहाज, तारीख आणि खोलीचा प्रकार एकच असेल तर.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दडली आहे. चौघांच्या खोलीत दाटी होईल म्हणून तीन खोल्या घेतल्या, तर मुलांचा निम्मा दर जातो. मग रक्कम होते 1,38,600, म्हणजे 18,900 रुपये जास्त. दुसरीकडं, खोल्या दोनच ठेवून फक्त आजी-आजोबांना बाल्कनीची खोली दिली आणि तिचा दर 27,000 धरला, तर माणशी 9,000 वाढतात. दोघांचे 18,000 आणि कर 900. पुन्हा तेच 18,900. आता तेवढ्याच पैशात घरच्यांना दोन गोष्टींतून एक निवडायची आहे. माझं मत विचाराल तर दोन रात्रींच्या सफरीत मुलं आणि त्यांचे आईवडील खोलीत थांबतातच कुठं? दिवसभर ती तलावावर, खेळात, जेवणात. खोलीत दुपार काढणार ते आजी-आजोबा. गर्दीचा कंटाळा आला की चहाचा कप घेऊन त्यांनी समुद्राकडं बघत बसावं, यासाठी पैसे खर्च करणं मला जास्त पटतं. फक्त ती बाल्कनीची खोली जहाजाच्या मध्यावर असावी. आणि आजोबा मोठ्यानं घोरत असतील तर अर्थात हिशोब वेगळा.

दर कधी उतरतात, हाही प्रश्न असतो. दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर आणि मे महिन्याची सुट्टी, या काळात ते चढतात. शनिवार-रविवार धरून निघालेल्या सफरीपेक्षा आठवड्याच्या मधली सफर स्वस्त असते. शाळा बुडवायची नसेल तर हा फायदा मिळणं अवघड, पण नातवंडांशिवाय जाणाऱ्या निवृत्त जोडप्यांनी जानेवारीतला मधला वार जरूर पाहावा. ‘आज रात्रीपर्यंतच हा दर’ असं सांगणाऱ्याला घाबरू नये. आधी रद्द करण्याच्या अटी वाचाव्यात. तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढत जाते, आणि कंपनीच्या कपातीशिवाय एजंटची स्वतःची वेगळी कपातही असू शकते. पैसे भरल्यावर बुकिंग क्रमांक घ्यावा आणि त्या क्रमांकावर आपलीच नावं आहेत ना, हे जहाज कंपनीकडं स्वतः विचारून घ्यावं. नावाचं स्पेलिंग ओळखपत्राप्रमाणेच असलं पाहिजे.

भाड्यात सगळं येत नाही. मुख्य भोजनगृहातलं जेवण, नाश्ता, बरेचसे कार्यक्रम येतात. खास उपाहारगृह, मद्य, इंटरनेट, छायाचित्रं आणि गोव्यात उतरून केलेली सहल वेगळी. मराठी घरातल्या शाकाहारी माणसांची सोय मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर चांगली होते. काटेकोर जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगावं. लक्षद्वीपच्या सफरीत बेटावर जाण्यासाठी जहाजातून छोट्या होडीत उतरावं लागतं. वारा-लाटा असतील तर उतरणं रद्द होतं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि ‘बेट पाहायचंच’ म्हणून पैसे भरणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

घरापासून धक्क्यापर्यंतचा खर्चही हिशोबात धरायचा. आपल्याला त्या बाबतीत एक सोय आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री मिरज, सांगली, कराड किंवा सातारा स्टेशनवर बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरता येतं, आणि बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीनं अगदी जवळ. तिथं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलं असून 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. जहाजावर चढण्याची वेळ दुपारची असेल तर मुंबईत हॉटेलचा खर्च वाचतो. मात्र ज्या दिवशी जहाज, त्याच दिवशी पहाटे गाडी काढून घाट उतरण्याचं धाडस करू नये. खंडाळ्यात वाहतूक अडली तर जहाज थांबत नाही, आणि प्रवेश बराच आधी बंद होतो.

मुंबई-गोवा अशी एकेरी सफर मिळत असेल तर ती आपल्याकडच्या लोकांनी मुद्दाम पाहावी. मुंबईकराला गोव्याहून परत मुंबईला यावं लागतं. आपल्याला कुठं जायचंय? मुरगाव बंदराला लागूनच वास्को आहे, आणि तिथून सुटणारी गोवा एक्स्प्रेस बेळगाववरून मिरज आणि साताऱ्याला येते. जहाजाची एक-दोन रात्रींची मजा, गोव्यात एक मुक्काम आणि रेल्वेनं थेट घर. परतीच्या सफरीपेक्षा हे किती स्वस्त पडतं, ते रेल्वेचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहायला हवं.

परदेशातल्या सफरींचा, म्हणजे सिंगापूर वगैरेचा, हिशोब वेगळा. विमानभाडं, व्हिसा आणि प्रवास विमा त्यात येतात. जहाज एका देशातून निघून दुसरीकडं जाऊन परत त्याच देशात येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. शिवाय परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. ते पैसे बुडत नाहीत, आयकराचं विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात. पण भरताना खिशातून जातातच, तेव्हा त्याची पावती जपून ठेवावी.

देशातल्या सफरीला पासपोर्ट लागत नाही. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचंसुद्धा. आणि ते धक्क्यावर सोडलेल्या मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या पिशवीत हवं. मोठी बॅग खोलीच्या दाराशी येईपर्यंत कधीकधी संध्याकाळ होते. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्यांचे एकेक जास्तीचे कपडे आणि आजीचा चष्मा त्याच हातातल्या पिशवीत ठेवावा.